विश्रांतीचा रकाना

रजिस्टरमध्ये सात रकाने होते. तारीख, गाडी नंबर, ड्रायव्हरचं नाव, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, ट्रिपा आणि शेवटचा रकाना विश्रांतीच्या तासांचा. पहिले सहा रकाने रोज बदलायचे. सातव्यात मी आठ महिने एकच आकडा लिहीत होतो. आठ.

कुणी मला दटावून लिहायला लावलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्या आधीच्या मुलाने वही हातात दिली आणि म्हणाला, "इथं आठ लिवायचं." मी विचारलं, "आणि नसेल घेतली तर?" तो हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. नव्या माणसाला कामाची रीत सांगताना जसं हसतात, तसंच ते होतं. मी आठ लिहिलं.

हा लेख त्या आठाबद्दल आहे. त्यात माझी श्रद्धाही येते, कारण हे सगळं चालू असताना मी रोज बायबल वाचत होतो.

डोंगर आणि रस्ता

सूरजागड हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यातला हा लोहखनिजाचा डोंगर. २००७मध्ये इथे सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. २०१६मध्ये खनिज निघू लागलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात नक्षलवाद्यांनी पहाडीवर सत्तरहून अधिक गाड्या जाळल्या. २०२१पासून काम पुन्हा जोरात सुरू झालं. २०२३मध्ये उत्खनन वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत वाढवायला पर्यावरण मंजुरी मिळाली. कागदावरची ही वाढ रस्त्यावर लगेच दिसते. एटापल्ली-आलापल्ली रस्त्याच्या कडेची सागाची पानं लाल धुळीने माखलेली असतात आणि शाळेची पोरं ट्रक जाईपर्यंत रस्ता सोडून उभी राहतात.

याच डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकुरदेव आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. आजूबाजूच्या गावांतून लोक चालत येतात, वर जाऊन पूजा करतात आणि ग्रामसभांच्या बैठका घेतात.

मी चंद्रपूरचा. बी. कॉम. झालो, दोन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या आणि मग एका वाहतूक ठेकेदाराकडे नोंदी ठेवायच्या कामाला लागलो. घरी तिसऱ्या-चौथ्या पिढीची ख्रिस्ती परंपरा. चांद्यात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं. माझे पणजोबा लहानपणी दुष्काळात आईबाप गमावून मिशनच्या आश्रयाला आले आणि तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे माझ्या घरातली सगळ्यात मोठी निवड मी जन्मायच्या कितीतरी आधी, भुकेल्या वेळी झाली होती. ती निवड होती की नाइलाज, हेही मी सांगू शकत नाही. मला मात्र सगळं आयतं मिळालं. संडे स्कूल, नाताळची गाणी, पाठ केलेली वचनं आणि मोबाइलवर बायबलचं ॲप.

त्या ॲपवर माझी स्ट्रीक चालू होती. रोज एक अध्याय वाचला की आकडा एकने वाढतो. सूरजागडला असताना तो दोनशेच्या पुढे गेला होता. रात्री खोलीवर आलो, हातपाय धुतले की पाच मिनिटं वाचायचो, आकडा वाढलेला बघायचो आणि झोपायचो. मला खरंच वाटायचं की मी आत्मिकदृष्ट्या वाढतोय.

दिसेनासं होणं

सुरुवातीचे काही दिवस आठ लिहिताना माझा हात अडखळायचा. समोर उभ्या ड्रायव्हरचे डोळे लाल असायचे. काही जण उभ्या उभ्याच पेंगत असायचे. पंधरा दिवसांत हात अडखळणं थांबलं. महिन्याभरात मी आठाचा रकाना आधीच भरून ठेवू लागलो. सकाळी वही उघडायची आणि वरपासून खालपर्यंत आठ, आठ, आठ. मग दिवसभर बाकीचे रकाने.

या काळात मी वाईट माणूस झालोय, असं मला एकदाही वाटलं नाही. निवडींबद्दलची मला कळलेली पहिली गोष्ट हीच आहे. चुकीची निवड केल्यावर आतून टोचत राहतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण टोचणी फार दिवस टिकत नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा तेच केलं की कातडी जाड होते आणि समोरचं दिसेनासं होतं. शेवटी शेवटी तर ड्रायव्हरचे डोळे लाल आहेत की नाहीत, हे मी बघतही नव्हतो. मला फक्त गाडी नंबर दिसायचा.

ड्रायव्हरांनाही खरा आकडा नको होता. पैसे ट्रिपेवर मिळायचे. झारखंडचा एक ड्रायव्हर होता, चाळिशीतला. माझ्याशी नेहमी हसून बोलायचा. मीच एकदा चाचरत विचारलं, तर म्हणाला, "लिख दो ना बाबूजी आठ. सोऊँगा तो खाऊँगा क्या?" मला बरं वाटलं. ज्याचं नुकसान व्हायचं, तोच हो म्हणतोय, मग माझा काय दोष?

पेत्राची गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. येशूला अटक झाल्यावर तो मागोमाग गेला, अंगणातल्या शेकोटीपाशी बसला आणि तीनदा म्हणाला की मी या माणसाला ओळखत नाही. संडे स्कूलमध्ये मला वाटायचं, केवढं मोठं पाप! आता वाटतं, त्याला पहिल्यांदा विचारलं कुणी? एका दासीने. तिथे तलवार नव्हती, न्यायाधीशही नव्हता. थंडीत शेकत बसलेल्या माणसाला एका नोकर मुलीने सहज विचारलेला प्रश्न. प्रभूसाठी जीव देण्याची तयारी पेत्राने केली होती. एवढ्याशा प्रश्नाची तयारी त्याने केली नव्हती.

आठाचा हिशेब

त्या झारखंडच्या ड्रायव्हरची गाडी एका पहाटे रस्ता सोडून खड्ड्यात गेली. त्याच्या एका पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून दुसरं कुणी गेलं नाही.

चार दिवसांनी ठेकेदाराच्या माणसाने रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो काढला. विषय सरळ होता. आठ तास विश्रांती घेऊनही ड्रायव्हर झोपला, म्हणजे निष्काळजीपणा त्याचा. उपचाराचा खर्च त्याचा त्याने बघावा. माझ्या हातचा आकडा आता त्याच्याविरुद्ध साक्ष देत होता.

मी नऊ दिवस गप्प राहिलो. या नऊ दिवसांत स्ट्रीक तुटली नाही.

दहाव्या दिवशी रविवार होता. मी घरी आलो होतो. सकाळी उपासनेला गेलो, प्रभूभोजन घेतलं आणि दुपारी त्याला बघायला चंद्रपूरच्या रुग्णालयात गेलो. पाय वर बांधलेला होता, शेजारी त्याचा भाऊ बसला होता. मला बघून तो उठायला लागला. मी खाली बघत उभा राहिलो. तो म्हणाला, "बाबूजी, आपने तो आठ ही लिखा था ना? फिर ठीक है. कागज़ साफ़ है तो डर काहे का."

त्याला वाटत होतं की तो आठ त्याला वाचवणार आहे.

त्या रात्री मी पानाचा फोटो मोबाइलवर उघडला आणि बेरीज केली. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, परत निघाल्याची वेळ. चौथा आणि पाचवा रकाना मी खरा लिहिला होता. त्या वेळा जोडल्या तर चोवीस तासांत त्याला सलग दोन तासही मोकळे मिळाले नव्हते. सहा रकाने खरं सांगत होते आणि सातवा खोटं. बेरीज करायला मला दहा मिनिटं लागली. आठ महिन्यांत ती दहा मिनिटं मी काढली नव्हती.

कृपा स्वस्त कशी होते

आमच्या चर्चमध्ये कृपा हा शब्द दर रविवारी येतो. आपण आपल्या कृत्यांनी तरत नाही, देवाच्या कृपेने तरतो. हे मी मानतो, आजही मानतो. पण त्या आठ महिन्यांत या शब्दाचा मी केलेला उपयोग आठवला की लाज वाटते. सोमवार ते शनिवार आठ लिहायचं, रविवारी सगळ्यांबरोबर पापकबुलीची प्रार्थना म्हणायची, क्षमेचे शब्द ऐकायचे आणि सोमवारी पुन्हा वही उघडायची.

जर्मन पाळक डिट्रिख बोनहोफरने १९३७च्या आपल्या पुस्तकात याला स्वस्त कृपा म्हटलंय. क्षमा हवी, पण मागे वळायला नको. हिटलरच्या राजवटीत चर्चच गप्प बसतंय, हे तो बघत होता. एप्रिल १९४५मध्ये त्याला फाशी दिलं गेलं. त्याच्यासमोर हिटलर होता आणि माझ्यासमोर एक वही, तुलना करायचीच नाही. पण स्वस्त कृपेला मोठा प्रसंग लागत नाही. तिला एक रकाना पुरतो.

याच्या उलट टोकाची चूकही मी करत होतो, आणि गंमत म्हणजे एकाच वेळी. स्ट्रीकचा आकडा वाढतोय म्हणजे मी वाढतोय, ही ती चूक. फोनमध्ये दिवसाची पावलं मोजावीत तसं मी देवाकडे चाललेलं अंतर मोजत होतो. एकीकडे सगळं देवाने केलंय म्हणून माझ्या निवडीला किंमत नाही, आणि दुसरीकडे सगळं माझ्या शिस्तीने होतंय. दोन्हीकडे सोय एकच, की समोरच्या माणसाकडे बघावं लागत नाही.

मग वाढ होते कशी? मला जक्कय आठवतो. ठेंगणा जकातदार, येशूला बघायला झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला. आधी पैसे परत कर, मग येतो, असं काही तो म्हणाला नाही. म्हणजे कृपा आधी आली. पण त्यानंतर जक्कय उभा राहून बोलतो ते सरळ हिशेबाचं बोलणं आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. नोंदी ठेवणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार जवळची वाटते. त्याचा पश्चात्ताप आकड्यांत आहे. ज्या वहीत खोटं लिहिलं, त्याच वहीत दुरुस्ती.

रुग्णालयात मला जे दिसलं, ते मी माझ्या बळावर पाहिलं नाही. मी तर घाबरून, फक्त तोंड दाखवायला गेलो होतो. ते वाक्य त्याच्या तोंडून आलं, ते मी मागितलं नव्हतं. मी त्याला कृपा म्हणतो. पण त्यानंतर पेन हातात घ्यायचं काम देवाने माझ्याऐवजी केलं नसतं.

मी एक पानाचं पत्र लिहिलं. वेळांची बेरीज मांडली. विश्रांतीचा आकडा मी न बघता लिहिला होता, हे लिहून खाली सही केली. एक प्रत ठेकेदाराला दिली, एक ड्रायव्हरच्या भावाला. पुढे बोलणी झाली, रुग्णालयाचा बराचसा खर्च ठेकेदाराने उचलला. पूर्ण नाही. माझं काम महिनाअखेरीस संपलं.

नागपूर ते राजनांदगाव

मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या कुणालाही निवड म्हटलं की रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. आमच्या जिल्ह्यापासून फार लांब नाही अशा वाटेवर ती गोष्ट सुरू होते. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना नवा करार दिला. वाचीन असा शब्द त्यांनी दिला होता म्हणून वाचायला घेतला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर तो त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लहानपणी मला ही गोष्ट एका दिवसाची वाटायची. मोठा झाल्यावर लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली आणि त्याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. नवऱ्याने एका दिवसात घेतलेल्या निर्णयाची किंमत बायको पुढची पाच वर्षं मोजत होती. आधी वेगळं राहणं, मग जवळ येऊनही स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. सोवळं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं आणि ते एका झटक्यात गेलं नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाला चुलीपाशी येऊ द्यायचं, अशा गोष्टींतून त्या पुढे सरकत गेल्या. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बरीचशी वाट त्या आधीच चालून आल्या होत्या.

टिळकांचंही १८९५ला सगळं झालं असं नाही. १९१७मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या पुढे, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्म्याला बावीस वर्षं झाली होती, तरी निवडायचं काहीतरी शिल्लक होतंच.

आपल्या साक्षींच्या सभांमध्ये एक तारीख सांगायची पद्धत आहे. अमुक दिवशी मी प्रभूला स्वीकारलं. तारखेला माझा विरोध नाही. पण लक्ष्मीबाईंच्या पाण्याच्या भांड्याला कुणी तारीख विचारत नाही, आणि वाढ तर तिथेच झाली.

एकट्याने?

काम सोडायच्या आदल्या दिवशी माझ्याबरोबर नोंदी ठेवणारा एक माडिया मुलगा चहा प्यायला आला. बारावी झालेला, जवळच्याच गावचा. त्याचं गाव खाणीच्या विरोधात ठराव करणाऱ्यांपैकी, आणि तो स्वतः खाणीच्या कामावर. जानेवारीत सुट्टी टाकून ठाकुरदेवाला जायचा आणि परत येऊन वही उघडायचा. या दोन गोष्टींचा मेळ तो कसा घालतो, हे मी त्याला कधी विचारलं नाही. मला तरी कुठे तो घालता आला होता? ज्या डोंगराला हजारो माणसं देव मानतात, त्याचे तुकडे मोजायची नोकरी मी प्रार्थना करून मिळवली होती. माझ्या आठापेक्षा हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी अजून नाही.

तो म्हणाला, "पत्र लिवायच्या आधी कोनाले विचारलं होतं का जी?"

"नाही."

"एकट्यानंच ठरवलं?"

त्याच्या आवाजात कौतुक नव्हतं, थोडं आश्चर्य होतं. याच जिल्ह्यात धानोऱ्याकडे मेंढा (लेखा) गाव आहे. तिथली ग्रामसभा बहुमतावर थांबत नाही, सगळे हो म्हणेपर्यंत बसते. वेळ लागतो, पण घेतलेला निर्णय एकट्याच्या अंगावर पडत नाही. मी एकट्याने ठरवू शकलो कारण चंद्रपूरला आईवडिलांचं घर होतं, माझ्यावर कुणाचं पोट अवलंबून नव्हतं. आमच्याच टेबलावरचा तिसरा माणूस दोन पोरांचा बाप होता. तो गप्प राहिला. त्याची आत्मिक वाढ माझ्यापेक्षा कमी झाली, असं म्हणायची माझी हिंमत नाही. गरीब विधवेची दोन नाणी श्रीमंतांच्या देणगीपेक्षा जड ठरवणारा प्रभू निवडीही त्याच तराजूत तोलत असणार.

गाव एकत्र ठरवतं याचीही दुसरी बाजू आहे. शेजारच्या बस्तरमध्ये ख्रिस्ती झालेल्या एका कुटुंबातल्या मुलाला वडिलांचा देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात ठेवावा लागला, कारण गावात पुरायला विरोध होता. जानेवारी २०२५मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोन न्यायाधीशांचं मत जुळलं नाही आणि शेवटी दफन गावापासून दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत करायचं ठरलं. एकट्याची निवड गावाच्या निवडीला भिडते तेव्हा काय होतं, ते इथल्या माणसांना पुस्तकात वाचावं लागत नाही. माझं पत्र त्या मानाने फार स्वस्तात सुटलं.

फोन

आता मी चंद्रपुरात एका दुकानाचे हिशेब बघतो. स्ट्रीक कधीतरी तुटली आणि मी ती पुन्हा धरली नाही. वाचतो, पण आकडा बघत नाही. इथेही रोज काहीतरी असतं. कच्चं बिल, पक्कं बिल, हाताखालच्या पोराची उशिरा सुटणारी जेवणाची सुट्टी. मी दर वेळी बरोबर निवडतो असं नाही. एवढंच की आता आकडा लिहिताना मान वर करून बघायची सवय लावून घेतोय. विश्रांतीच्या दिवसाबद्दलची आज्ञा मी शंभरदा म्हटली असेन. ती फक्त आपल्यासाठी नाही, घरच्या दासासाठी आणि बैलासाठीही आहे, हे मला त्या रजिस्टरनंतर कळलं.

गेल्या महिन्यात त्या माडिया मुलाचा फोन आला. माझी वही आता त्याच्याकडे आहे.

"सातव्या रकान्यात काय लिवू?" त्याने विचारलं.

खरं लिही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी चंद्रपुरात पंख्याखाली बसलो होतो आणि नोकरी त्याची जाणार होती. म्हटलं, "ड्रायव्हर लोकांशी बोललास का? ट्रिपेचे पैसे त्यांचे जातात. सगळ्यांना घेऊन बस एकदा. तुला तर ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागून ट्रकचा आवाज येत होता.

"बसतो," तो म्हणाला. "पन आजचं काय? आजचा रकाना तर भरा लागंल ना."

मी विचारलं, समोर कोण उभं आहे. त्याने नाव सांगितलं. मी म्हटलं, त्याला विचार, किती झोपलास. फोन चालूच होता. त्याने विचारलेलं मला ऐकू आलं, आणि पलीकडून आलेलं उत्तरही.

"तीन," तो मला म्हणाला. आणि मग फोन ठेवला.